बेस गिटार, अॅम्प आणि गाडी : आधी काय ठरवावे?

मंद्र_पुणे

मी पुण्यात राहतो आणि नोकरी सांभाळून बेस गिटार वाजवतो. माझ्या सुपाऱ्या दोन प्रकारच्या असतात. एक हिंदी-मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा, ज्याचे कार्यक्रम नाट्यगृहांत, गणेशोत्सवात आणि लग्नाच्या संगीत समारंभांत होतात. दुसरा आमचा चौघांचा रॉक बँड, जो बाणेर, कोरेगाव पार्क या भागांतल्या पबमध्ये आणि अधूनमधून लोणावळा किंवा मुंबईला वाजवतो. आजवर मी बेस पाठीला अडकवून स्कूटरवर जात आलो आणि जागेवर जो अॅम्प (वाद्याचा आवाज वाढवणारे यंत्र) मिळेल त्यावर वाजवत आलो. या पद्धतीला आता मर्यादा आली आहे. काही ठिकाणी बेससाठी म्हणून कीबोर्डचा छोटा अॅम्प पुढे ठेवला जातो आणि खालची तार छेडली की त्यातून नुसता फडफडाट ऐकू येतो. शिवाय द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी असल्यामुळे पावसाळ्यात जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट उतरणे, तेही पाठीवर वाद्य घेऊन, हे आता घरच्यांना आणि मलाही नको वाटते.

म्हणून स्वतःचा अॅम्प आणि जुनी का होईना एक गाडी, अशा दोन्ही गोष्टी या वर्षी घ्यायच्या आहेत. ओळखीतल्या एका वादकाकडे दहा इंची चार स्पीकरचे कॅबिनेट (स्पीकरची पेटी) आणि त्याचे हेड (अॅम्पचा शक्ती देणारा सुटा भाग) स्वस्तात मिळते आहे. ते घेतले तर मारुतीची ईको व्हॅन घ्यावी लागेल असे दिसते. दुसरा पर्याय म्हणजे बारा इंची एका स्पीकरचे लहान कॅबिनेट, वजनाला हलके क्लास-डी (कमी वजनात जास्त शक्ती देणाऱ्या प्रकारचे) हेड आणि वॅगन आर, जी घरालाही उपयोगी पडेल. माझ्याकडे चार तारांचा, फेंडर कंपनीच्या प्रिसिजन पद्धतीचा एक आणि पाच तारांचा एक असे दोन बेस आहेत. आपल्यापैकी जे नियमित कार्यक्रम करतात त्यांनी सामान आणि गाडी यांचा मेळ कसा घातला, आणि आज नव्याने सुरुवात करायची झाली तर कोणत्या क्रमाने निर्णय घेतला असता, हे कृपया सविस्तर सांगावे.

डोंबिवली_खर्ज

गाडीचा विचार सर्वांत शेवटी करा. आधी तुमच्या सुपाऱ्यांची यादी काढा आणि प्रत्येक जागेपुढे एकच गोष्ट लिहा : तिथे बेसचा आवाज प्रेक्षकांपर्यंत कोण पोहोचवतो? नाट्यगृहात, मोठ्या मांडवात आणि बहुतेक लग्नांत तो साउंडवाल्याचा पीए (प्रेक्षकांसाठीची ध्वनियंत्रणा) पोहोचवतो. तिथे तुमचा अॅम्प केवळ तुम्हाला आणि ड्रमवाल्याला ऐकू यावे म्हणून असतो. अशा ठिकाणी चांगला डीआय बॉक्स (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी डबी) किंवा डीआय असलेला प्रीअॅम्प पेडल (सूर घडवणारी, पायाने चालवायची डबी) सोबत असेल तर अॅम्पशिवायही काम भागते, आणि ते पेडल बेसच्या बॅगेच्या खिशात मावते. मला ते इतके आवश्यक वाटते की अॅम्पच्या आधी तेच घ्या असे मी सुचवीन. समोरच्या मिक्सरवर कोण बसले आहे हे आपल्या हातात नसते, पण त्याच्यापर्यंत जाणारा सूर कसा असावा हे निदान आपल्याला ठरवता येते.

ऑर्केस्ट्रात वाजवता म्हणून आणखी एक सांगतो. राहुलदेव बर्मन यांच्या वादकवृंदात टोनी वाझ यांनी बेस गिटार वाजवली. त्या काळच्या गाण्यांतला बेस हा नुसता खालचा गडगडाट नसतो. तो एक स्वतंत्र चाल घेऊन फिरतो आणि जाणकार श्रोता त्यातला एक स्वर जरी चुकला तरी मान वर करून बघतो. ती चाल ऐकू येण्यासाठी मधल्या पट्टीतली स्पष्टता लागते आणि ती बारा इंची एका चांगल्या स्पीकरमधून भरपूर मिळते. तेव्हा तुमच्या निम्म्या कामासाठी मोठ्या कॅबिनेटची गरजच नाही.

राहिले पब. तिथे पीए लहान असतो, अनेकदा त्यात फक्त गाणे आणि कीबोर्ड सोडलेला असतो आणि बेस ज्याने-त्याने आपल्या अॅम्पवर सांभाळायचा असतो. तिथे मात्र एक कॅबिनेट कमी पडू शकते. यावर माझा तोडगा असा आहे की एकाच जातीची दोन लहान कॅबिनेट घ्यावीत, पण एकदम नव्हे. आज एक घ्या, गरज पटली तर दुसरे. प्रत्येक कॅबिनेट ८ ओहमचे (ओहम म्हणजे विद्युत रोधाचे माप) असेल तर दोन मिळून ४ ओहम होतात आणि बहुतेक क्लास-डी हेडना ४ ओहम चालतो. तरी हेडच्या मागे कमीत कमी किती ओहम चालतात असे लिहिले आहे ते वाचूनच जोडा. निओडायमियम चुंबकाचे बारा इंची कॅबिनेट साधारण १२ ते १५ किलोचे असते. एका हातात ते, पाठीवर बेस आणि दुसऱ्या हातात हेड व केबलची पिशवी, अशा एका फेरीत मी गाडीपासून स्टेजपर्यंत पोहोचतो. दोन फेऱ्या म्हणजे पहिल्या फेरीतले सामान कुणाच्या तरी भरवशावर सोडणे, आणि लग्नाच्या हॉलमागे तसा भरवसा नसतो.

गाडी येण्याआधी मी हे सगळे लोकलने नेत असे. मालडब्यात चढता आले तर कॅबिनेटही नेता येते, पण संध्याकाळी ठाण्याला उतरून दाखवा म्हणजे कळेल. आता वॅगन आर आहे. तिचा दरवाजा उंच, छत उंच आणि सीटही उंच असल्यामुळे वाकावे लागत नाही; पाठीचा त्रास असलेल्या माणसाला हे महत्त्वाचे आहे.

आठ_बाय_दहा

वरच्या प्रतिसादातील व्यवहार मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. बेस हे वाद्य कानाने जितके तितकेच अंगाने ऐकायचे असते. ड्रमच्या किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) बरोबर बेस जुळला की पायाखालची फळी हलली पाहिजे, आणि वादकाला ती जाणीव मिळाली नाही तर तो जोर लावून वाजवतो, हात आखडतो आणि ताल पुढे पळतो. डीआय लावून, कानात मॉनिटर घालून वाजवणारे मी पाहिले आहेत. त्यांचा स्वर स्वच्छ असतो, पण घरी बसून ध्वनिमुद्रण ऐकल्यासारखे वाटते.

चार स्पीकरचे कॅबिनेट स्वस्तात मिळत असेल तर सोडू नका. ईको घ्या. तिच्या पाच आसनी प्रकारात मागच्या सीटला हात न लावता ५४० लिटर जागा मिळते, दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे आहेत, आणि कॅबिनेट, ड्रमची एखादी पेटी आणि दोन सोबती असे सगळे एका गाडीत जाते. बँडमध्ये ज्याच्याकडे मोठी गाडी असते त्याला सामान लादल्याबद्दल डिझेल-पेट्रोलचे पैसे आधी मिळतात, हाही एक फायदा समजा. (ज्याच्याकडे मोठी गाडी असते त्यालाच रात्री तीन वाजता सर्वांना घरी सोडावे लागते, हा तोटा मी लपवणार नाही.)

सातारा_साउंड

मी वादक नाही. साउंडचे काम करतो आणि सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात बरेच ऑर्केस्ट्रे माझ्या कॉन्सोलवरून (मिक्सरवरून) गेले आहेत. दोन्ही बाजू ऐकल्यावर काही तांत्रिक बाबी मांडाव्याशा वाटतात.

आधी मोठ्या कॅबिनेटची परंपरा कुठून आली ते पाहू. अँपेग कंपनीने एसव्हीटी हा अॅम्प १९६९ मध्ये आणला. त्याची शक्ती ३०० वॉट होती, त्यात १४ व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) होते, नुसत्या हेडचे वजन ४० किलोच्या आसपास होते आणि त्याखाली दहा इंची आठ स्पीकरचे कॅबिनेट असे, जे एकट्याने उचलायचे काम नव्हते. त्याच वर्षीच्या अमेरिकेच्या दौऱ्यात रोलिंग स्टोन्सने या अॅम्पचे सुरुवातीचे नमुने वापरले. त्या काळी पीए मुख्यतः गाण्यासाठी असे, वाद्यांना प्रेक्षागृह भरायचे तर स्टेजवरूनच भरावे लागे. मोठ्या कॅबिनेटची ती गरज होती. आज बेस थेट माझ्या मिक्सरमध्ये येतो आणि मांडवासमोर अठरा इंची सबवूफर (खर्जाचे स्पीकर) रचलेले असतात. अशा वेळी स्टेजवरचे मोठे कॅबिनेट मला मदत करत नाही. त्याचा आवाज गायकाच्या माइकमध्ये शिरतो आणि मी काहीही केले तरी तो कमी होत नाही.

दुसरी बाब भौतिकशास्त्राची आहे. चार तारांच्या बेसवर खालची मोकळी तार ४१ हर्ट्झला वाजते आणि पाच तारांच्या बेसवर ती ३१ हर्ट्झच्या जवळ जाते. ४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरहून थोडी जास्त असते. लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी वॉटमध्ये जास्त आवाज या तीन गोष्टींपैकी दोनच एका वेळी मिळतात, असा हॉफमन यांचा नियम स्पीकर बनवणारे सगळेच मानतात. म्हणून लहान कॅबिनेट खोल वाजत असेल तर ते वॉट जास्त खाते. पूर्वी हे परवडत नसे, कारण वॉट म्हणजे लोखंडी ट्रान्सफॉर्मर आणि लोखंड म्हणजे वजन. क्लास-डी आणि स्विचिंग सप्लाय (जड ट्रान्सफॉर्मरशिवायचा वीजपुरवठा) आल्यावर वॉट हलके झाले आणि लहान पेटी शक्य झाली. तुमच्यासमोरचा दुसरा पर्याय मुळात उभा राहू शकला तो यामुळेच.

वॉटच्या आकड्याला भुलू नये. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, जे जेमतेम जाणवतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. याउलट त्याच जातीचे दुसरे कॅबिनेट शेजारी किंवा वर ठेवले तर खालच्या पट्टीत ६ डेसिबलपर्यंत फरक पडू शकतो, कारण हेडमधून शक्तीही जास्त निघते आणि दोन्ही स्पीकर एकमेकांना साथ देतात. डोंबिवलीकरांचा दोन कॅबिनेटचा सल्ला या हिशोबावर टिकतो.

अंगाने ऐकण्याबद्दल एक गोष्ट मात्र आठ_बाय_दहा यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. वादकाला स्वतःचा बेस नीट ऐकू आला नाही तर तो खरोखरच जोर लावतो. पण त्याचे कारण बहुधा वॉटमध्ये नसते, जागेत असते. जमिनीवर ठेवलेले लहान कॅबिनेट तुमच्या गुडघ्यांकडे तोंड करून वाजते. ते खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलते करा, की तोच आवाज दुपटीने स्पष्ट होतो. आपल्याकडचे मांडवातले स्टेज पोकळ असते. लोखंडी घोड्यांवर फळ्या टाकलेल्या असतात आणि कॅबिनेट त्यावर थेट ठेवले की एक-दोन स्वर उगाच घुमतात आणि बाकीचे दबतात. जाड फोमचा तुकडा खाली घातला तर हा त्रास बराच कमी होतो. तो तुकडा गाडीत जागाही घेत नाही, आणि प्रवासात दोन पेट्या एकमेकींवर घासू नयेत म्हणून मध्ये घालायला उपयोगी पडतो.

वेळेचेही भान ठेवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीला राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देते. त्यामुळे खुल्या मैदानातला कार्यक्रम दहाला थांबतो आणि पावणेदहाला शेवटचे गाणे सुरू असतानाच मंडळाचे कार्यकर्ते आणि बंदोबस्ताचे पोलीस घड्याळ दाखवत स्टेजजवळ उभे राहतात. मांडव लगेच रिकामा करायचा असतो. ज्याचे सामान एका फेरीत उचलले जाते त्याला आम्ही साउंडवाले दुवा देतो.

कुडाळ_बेस

माझ्याकडे ईको आहे, म्हणून तिच्याविषयी अनुभवाने लिहितो. मी कुडाळला असतो; निम्म्या सुपाऱ्या गोव्यात आणि बाकीच्या कोल्हापूर-बेळगाव बाजूला असतात. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत जिवंत बँड ही आजही प्रतिष्ठेची गोष्ट आहे आणि तिथला श्रोता वाद्यवृंदाच्या बाबतीत चोखंदळ असतो. पण अनेक हॉलमध्ये पीए बँडनेच आणायचा असतो. आमचा पीए, कीबोर्डचे स्टँड आणि माझे सामान असे सगळे माझ्या गाडीत असते. थोडक्यात, मी ईको घेतली ती बेससाठी नव्हे, पीएसाठी. तुमचा बँड स्वतःचा पीए नेत नसेल तर तिची गरज आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारा.

तिचे गुण आधी सांगतो. मागचा दरवाजा वर उघडतो, जमीन सपाट आहे आणि पेटी फार उंच उचलावी लागत नाही. यांत्रिक भाग साधा आहे; कणकवली असो वा बांदा, दुरुस्ती कुठेही होते. मारुतीची ओम्नी २०१९ मध्ये बंद झाल्यापासून छोट्या बँडना त्या किमतीत दुसरी व्हॅन उरलेली नाही. आता दोष. इंजिन पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये चालकाच्या मांड्या तापतात आणि पुढच्या सीटच्या पायाशी ठेवलेले सामानही तापते. तिथे बेस किंवा पेडल कधीही ठेवू नका. चाकांना ओढ मागून मिळते, म्हणून गाडी रिकामी असताना आंबोलीच्या ओल्या वळणांवर मागची बाजू हलकी पडते. सामान भरलेले असले की हीच गाडी शहाण्यासारखी वागते. कार्यक्रम संपवून, पीए तिथेच ठेवून, एकट्याने पहाटे परतताना वेग कमी ठेवावा लागतो.

सामान रचण्याबाबत आमचा एक नियम आहे आणि त्यात आम्ही कुणाचेही ऐकत नाही. जड ते सर्वांत खाली आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, म्हणजे ब्रेक लागला तरी ते पुढे सरकायला वाव नाही. त्यावर हलके, आणि बेस सर्वांत वर किंवा उभा, तारा सीटच्या मऊ बाजूकडे करून. सुटे कॅबिनेट मागच्या सीटवर ठेवून कुणीही प्रवास करू नये. साठच्या वेगाने जाताना समोर म्हैस आली तर पंधरा किलोची पेटी तुमच्या डोक्यामागून येते. सीटबेल्ट तिलाही लावता येतो किंवा ट्रकवाले वापरतात तसा पट्टा विकत मिळतो.

ऊन आणि ओल यांबद्दल पुण्याच्या माणसाला कल्पना नसते म्हणून सांगतो. बंद गाडी उन्हात उभी राहिली की तासाभरात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच वर जाते, बेसची मान वाकते आणि तारा फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) घासू लागतात. ट्रसरॉड (मानेतला धातूचा दांडा) फिरवून हे ठीक करता येते, पण कार्यक्रमाआधी अर्धा तास ते करत बसण्यापेक्षा जेवणाच्या थांब्यावर बेस सोबत घेऊन आत गेलेले बरे. यात चोरीचाही प्रश्न सुटतो. गाडीच्या सर्वसाधारण विम्यात गाडीतले सामान धरलेले नसते. वैयक्तिक सामानाचे वेगळे कलम घेतले तरी त्यात व्यवसायाची वाद्ये बसतात का, हे लेखी विचारून घ्या. पावसाळ्यात इथली दमट हवा नव्या तारा एका कार्यक्रमात मंद करते. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसणे आणि बॅगेत सिलिकाच्या पुड्या ठेवणे एवढेच मी करतो.

श्टुटगार्ट_डबलबेस

मूळचा कोल्हापूरचा, सध्या जर्मनीत नोकरीला आणि इथल्या एका हौशी बिग बँडमध्ये (मोठ्या जॅझ वाद्यवृंदात) डबलबेस (उभा धरून वाजवायचे मोठे लाकडी तंतुवाद्य) वाजवतो. माझे वाद्य उभे केले की माझ्यापेक्षा उंच असते, म्हणून तुमच्या चर्चेकडे मी काहीशा हेव्याने पाहतो आहे.

बेस गिटारचा जन्मच मुळात वाहतुकीच्या अडचणीतून झाला, हे या धाग्यात यायला हवे. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला तोवर नाचाच्या बँडमधला बेसवादक डबलबेस गाडीच्या टपावर बांधून गावोगाव फिरत असे, आणि इतके करून ब्रास (पितळी वाद्ये) आणि ड्रम यांच्या गदारोळात त्याचा आवाज हरवत असे. ३४ इंच तारलांबीचे, फ्रेट असलेले, गिटारसारखे गळ्यात अडकवायचे वाद्य आले आणि वाहतुकीचा प्रश्न सुटला. पुढच्याच वर्षी फेंडर यांनी त्यासाठी बासमन हा अॅम्प काढला, कारण आवाज वाद्यातून अॅम्पमध्ये गेला आणि वजनही त्याच्या मागोमाग गेले. तुम्ही आज ज्या कॅबिनेटसाठी गाडी शोधता आहात ते कॅबिनेट म्हणजे डबलबेसचे राहिलेले पोट आहे असे मी गमतीने म्हणतो.

इथे डबलबेसवाले लांब मागच्या भागाची, ज्याला इथे कोम्बी म्हणतात ती, गाडी पसंत करतात. लहान हॅचबॅकमध्येही वाद्य जाते, पुढची डावीकडची... क्षमस्व, इथे चालक डावीकडे बसतो, म्हणून उजवीकडची सीट पूर्ण मागे झोपवायची, वाद्याचे पोट मागे आणि मान पुढे डॅशबोर्डपर्यंत. मग गाडीत फक्त चालक आणि वाद्य मावतात. खालच्या टोकाच्या दांड्याच्या जागी चाक बसवता येते, त्याने पार्किंगपासून दारापर्यंतचा त्रास वाचतो. मात्र डबलबेस जोडायला वापरलेला सरस उष्णतेने मऊ होतो, तेव्हा कुडाळकरांनी उन्हाबद्दल जे लिहिले ते इथल्या मवाळ उन्हाळ्यातही आम्ही पाळतो.

तुमच्या बाबतीत गाडी लहानच घ्यायची ठरली तर वाद्याची लांबीही कमी करता येते. प्रिसिजनची एकूण लांबी ११५ सेंटीमीटरच्या पुढे जाते. डोके नसलेले, ज्यांच्या खुंट्या खालच्या पुलाशी (तारा खाली जिथे टेकतात तिथे) असतात असे बेस एक मीटरच्या आसपास असतात आणि तरीही तारलांबी ३४ इंचच राहते; १९८० च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर यांच्या वाद्यांनी ही घडण लोकप्रिय केली. स्कूटर पूर्णपणे सोडणार नसाल तर हा पर्याय जरूर पाहा, कारण मान हेल्मेटच्या वर जात नाही.

मंद्र_पुणे

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. तुमच्या सल्ल्याप्रमाणे यादी काढली. माझ्या बहुतेक सुपाऱ्यांत पीए साउंडवाल्याचा असतो. स्वतःच्या अॅम्पवर भिस्त ठेवावी लागते अशा जागा मोजक्याच, आणि त्या सगळ्या पुण्यातल्या पबच्या आहेत. आमचा बँड पीए नेत नाही. त्यामुळे चार स्पीकरच्या कॅबिनेटला मी नकार कळवला आहे आणि डीआय असलेला प्रीअॅम्प आधी घेतो आहे. आठ_बाय_दहा यांनी रागावू नये, पबमध्ये दुसरे कॅबिनेट लागेल असे दिसले तर त्यांच्या बाजूनेच एक पाऊल टाकेन.

दोन शंका उरल्या आहेत. माझा मावसभाऊ अमेरिकेहून येतो आहे आणि तिथे क्लास-डी हेड इथल्यापेक्षा स्वस्त मिळते. ते आणवावे का? आणि वॅगन आर सीएनजी घेतली तर डिकीत टाकी असते, मग कॅबिनेट कुठे जाणार?

सातारा_साउंड

हेडबद्दल मी उत्तर देतो. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची आणि आपल्याकडे २३० ची. हेडच्या मागे "१०० ते २४० व्होल्ट" असे छापलेले असेल तर फक्त वायर बदलून ते इथे चालते, आणि अशी हेड जनरेटरच्या खालीवर होणाऱ्या विजेवरही बऱ्यापैकी तग धरतात. नुसते "१२० व्होल्ट" छापलेले असेल तर घेऊ नका. त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर न्यावा लागेल आणि हलके हेड घेण्याचा हेतूच फसेल. काही हेडवर व्होल्टेज बदलण्याचे बटण असते. ते चुकीच्या बाजूला राहिले तर पहिल्याच दिवशी धूर निघतो, म्हणून जागेवर बसवून त्यावर चिकटपट्टी लावा. हमीची सेवा इथे मिळेल का, हेही भावाकडून विचारून घ्या.

जनरेटरचा विषय निघालाच आहे तर एक इशारा देतो. स्टेजवर घूं असा आवाज आला की काही लोक प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. हे कधीही करू नये. एका हातात तारा आणि ओठ माइकला, अशा अवस्थेत बसणारा झटका जीवघेणा ठरू शकतो. घूं घालवण्यासाठी डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचे (फक्त ध्वनीच्या केबलमधले ग्राउंड सोडवणारे) बटण असते, तेच वापरावे. शिवाय हेडपासून कॅबिनेटपर्यंत गिटारची बारीक केबल लावू नका, ती तापते. स्पीकरची जाड केबल, शक्यतो स्पीकॉन (फिरवून घट्ट बसणाऱ्या) टोकांची, घ्या आणि एक जादा गाडीतच ठेवून द्या.

डोंबिवली_खर्ज

वॅगन आरची डिकी ३४१ लिटरची सांगतात, पण तो आकडा पेट्रोल गाडीचा. सीएनजीची टाकी बसली की तिथे बॅग आणि केबलची पिशवी एवढेच राहते आणि कॅबिनेट मागच्या सीटवर येते, म्हणजे कुडाळकरांनी जे टाळायला सांगितले तेच करावे लागते. टाटांनी अल्ट्रोझ आणि पंचमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली बसवल्या आहेत. त्यांत २१० लिटर जागा उरते आणि तळ सपाट राहतो. बारा इंची एक कॅबिनेट त्यात बसू शकते. जुन्या बाजारात त्या तुमच्या अंदाजात येतात का, ते पाहावे लागेल. तुमचे बहुतेक प्रवास शहरातल्या शहरात आणि आठवड्याच्या अखेरीचेच असतील तर इंधनाच्या बचतीसाठी डिकी गमावण्यात अर्थ नाही. साधी पेट्रोल वॅगन आर घ्या.

आणि लिटरच्या आकड्यावर गाडी ठरवू नका. पेटी लिटरमध्ये मोजली जात नाही. ती दारातून आत जावी लागते. जे कॅबिनेट घेणार आहात त्याच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका तयार करा आणि गाडी पाहायला जाताना सोबत न्या. मागच्या दाराची उंची सर्वांत कमी कुठे आहे, खोका ठेवल्यावर दार काचेसकट बंद होते का, आणि मागची सीट दोन भागांत दुमडते की अख्खी, हे तिथेच पाहून घ्या. जुन्या आणि स्वस्त प्रकारांत ती अख्खी दुमडते, मग बेस घेऊन मागे कुणी बसू शकत नाही. गाडी विकणारा हसेल, हसू द्या. बेसही बॅगेसकट न्या आणि मागच्या सीटवर आडवा ठेवून दोन्ही दारे लागतात का ते बघा.

आठ_बाय_दहा

रागावलो नाही. ते चार स्पीकरचे कॅबिनेट अजून विकले गेले नसेल तर त्या वादकाचा संपर्क मला व्यक्तिगत निरोपाने कळवावा. माझ्या गाडीत जागा आहे.